कापूस वेचणीच्या दिवसांत हायस्कूलचे सकाळसत्र करावे का? (चर्चा; प्रत्येक मताच्या वर बोलणाऱ्याचे टोपणनाव)

तापीकाठ
जळगाव-धुळ्यात ठिबकवरच्या पूर्वहंगामी कापसाची वेचणी सप्टेंबरअखेर सुरू होते, कोरडवाहूची दिवाळीनंतर जोर धरते. नववी-दहावीचे वर्ग नेमके तेव्हाच ओस पडतात. माझे मत स्पष्ट आहे: दिवाळीनंतरचे सहा आठवडे शाळा ७.२० ते ११.५० भरवा. पहाटे बोंडांवर दहिवर असते. ओला कापूस वेचला तर व्यापारी भाव पाडतो. सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) पूर्ण भाव ८ टक्के ओलाव्यालाच देते, आणि १२ टक्क्यांवर गेला की घेतच नाही. म्हणून माणसे नऊ-साडेनऊनंतरच वावरात उतरतात. ११ ते ५ ची शाळा अन् वेचणी एकाच वेळी चालतात, मग पोरगं कुठे जाणार हे ठरलेलंच. सकाळची शाळा केली तर निदान ते वर्गात बसेल तरी.

अर्धा वर्ग गैरहजर असला की शिक्षकाला एकच घटक दोनदा शिकवावा लागतो. शिक्षकाच्या टाचणवहीत घटक पूर्ण दिसतो, मुलाच्या वहीचे पान कोरे असते.

खडू-फळा
सर, हिशोब मांडून बघा. साडेचार तास म्हणजे २७० मिनिटे. परिपाठ १० आणि सुटी २० मिनिटांची धरली तर उरतात २४०, म्हणजे ३० मिनिटांच्या आठ तासिका. आता तासिका ४० ची आहे. रोज ८० मिनिटे गेली. शनिवारी शाळा सकाळचीच असते, तो सोडला तरी सहा आठवड्यांत ४० घड्याळी तास बुडतात, म्हणजे आजच्या मापाने ६० तासिका! ३० मिनिटांत प्रयोग होत नाही. साहित्य मांडायला दहा मिनिटे, आवरायला पाच. मुलांच्या हाताला उरतात पंधरा.

शिवाय मजुरीची पोरं तुमच्या वेळेवर थांबणार नाहीत. मजुरांच्या टोळीची पिकअप गाडी आठला गावातून सुटते, मजुरी किलोवर असते, बारानंतर येणाऱ्याला मुकादम गाडीत घेत नाही. तुमच्या सकाळसत्राचा फायदा स्वतःचे वावर असलेल्यांनाच. ज्यांची गैरहजेरी सर्वांत जास्त, ती मुले तशीच बाहेर राहतील.

तापीकाठ
टोळीचा मुद्दा मान्य, तो खरा आहे. पण घरच्या शेतावर जाणारी मुलेही थोडी नाहीत, त्यांना का सोडायचे? बुडालेल्या तासिका जानेवारीत जादा तास घेऊन भरता येतात. न आलेला मुलगा कशाने भरून काढणार?

गिरणेचं पाणी
मॅडमचा हिशोब बरोबर आहे, पण बसचा प्रश्न त्याहून आधीचा. मुलींसाठीच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या एसटी बस शाळेच्या वेळेवर लागतात. वेळ बदलायची तर आगारप्रमुखांना आधी पत्र हवे, नाहीतर मुली सकाळी फाट्यावर ताटकळतील किंवा सुटल्यावर शाळेत अडकतील. आठवीला पोषण आहार आहे. दर मुलामागे १५० ग्रॅम तांदूळ, शंभर मुलांना १५ किलो. दहाच्या सुटीत वाढायचा तर शिजवणाऱ्या ताईला उजाडताच चूल पेटवावी लागेल.

खडू-फळा
आणि कायद्याचे काय? चौदा वर्षांखालील मुलाला घरच्या शेतीत मदत करायची मुभा शाळेनंतर व सुटीतच आहे. दुसऱ्याच्या शेतावर मजुरी तर नाहीच. वेचणीसाठी शाळेने वेळ बदलली की पालकांना जणू परवानगीच मिळते. पोरगं सकाळी चार-पाच तास बसेल, दुपारी पाठीला झोळी बांधेल, रात्री गृहपाठाला कोण उरेल?

सातपुड्याखाली
नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा-धडगावकडे हा वादच लागू पडत नाही. कुटुंबच्या कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत जाते. तिथे सकाळसत्र काय अन् दुपारसत्र काय! तिकडे हंगामी वसतिगृह हवे, आणि ते दहावीपर्यंत हवे.

जिथे मूल रोज घरी असते, तिथे मधला मार्ग आहे. वेळ ११ चीच ठेवा, वेळापत्रक फिरवा. गणित, विज्ञान, इंग्रजी मधल्या सुटीआधी. हजेरीपटाचा आधार घ्या: सुटीनंतर पुन्हा हजेरी घेतली की कोण अर्ध्यातून जातो ते आठवड्यात कळते. प्रयोग शनिवारी, दोन तासिका जोडून. टोळीवर जाणाऱ्यांची यादी वेगळी करा, त्यांच्या घरी आठच्या आत किंवा सहानंतर जा, एरवी घराला कुलूप असते.

तापीकाठ
सुटीआधी तीन जड विषय सलग लावले तर त्या तीन शिक्षकांना दुसऱ्या तुकड्या कधी देणार? दोन तुकड्यांची शाळा असली की वेळापत्रक तिथेच अडते.

सातपुड्याखाली
दुसऱ्या तुकडीला तेच विषय उलट क्रमाने द्या. एक तासिका सुटीनंतर जाईल, ती गणिताची नसावी एवढे सांभाळा. अन् दहावीच्या प्री-लिस्टवर (बोर्डाच्या परीक्षार्थींची तपासणीसाठीची यादी) मुलांच्या सह्या याच दिवसांत घ्यायच्या असतात, त्या पहिल्या तासाला घ्या. नाव, आईचे नाव, जन्मतारीख त्याच्यासमोरच दाखल्याशी ताडून बघा. दुपारी घ्यायला गेलात तर मूल सापडणार नाही आणि चूक थेट हॉलतिकिटावर येईल.