इंग्रजीतला 'पंच': ठोसा, भोक, सरबत, बाहुला... एकच शब्द की चार वेगळे?

गवतीचहा:
ऑफिसात आल्याआल्या कार्ड पंच करायचं, कागदाला भोकं पाडायचं ते लोखंडी यंत्र पण पंच, बॉक्सिंगमधला ठोसा पंच, जोकच्या शेवटी पंचलाइन, पार्टीत फ्रूट पंच, आणि आता तर गाडी पण पंच. लेकीने विचारलं हे सगळं एकच का गं आई, तर सरबतवाला पंच आपल्या 'पाच' वरून आलाय, पाच पदार्थ असतात म्हणून, एवढं सांगून मी वेळ मारून नेली. बाकीच्यांचं गोत्र काय? आणि ते पाचवालं पक्कं आहे ना? जाणकारांनी जरा उजेड पाडा.

आळशी_अभ्यासक:
ठोसा आणि भोक हे एकाच घरातले. लॅटिनमध्ये 'पुंगेरे' म्हणजे टोचणे, त्याच कुळातले पॉइंट, पंक्चर, पंजंट वगैरे (पंक्च्युअल सुद्धा, टोकावर नेमका पोचणारा). त्यातून जुन्या फ्रेंचमध्ये टोकदार हत्याराला नाव पडलं, आपल्याकडे लोहाराकडे सुंबा असतो ना, भोक पाडायला नाहीतर ठसा उठवायला, तसलं काहीतरी. ते इंग्रजीत आलं. क्रियापद म्हणून आधी अर्थ होता ढोसणे, टोचणे, गुरांना पराणी टोचून हाकणे. अमेरिकेत गुराख्याला काउपंचर म्हणतात ते त्यातलंच. ढोसता ढोसता मग मुठीने हाणणे हा अर्थ आला. पंचलाइन त्या ठोशावरून, ती बरीच अलीकडची, विसाव्या शतकातली.

कार्डाचा पंच मात्र भोकाचा. फ्रान्समध्ये लियोंला जाकारने १८०४ च्या सुमारास मागावर भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं लावली, कुठला धागा वर उचलायचा ते भोकावरून ठरायचं. मग अमेरिकेत १८९० च्या जनगणनेत होलेरिथने माणसं मोजायला तीच युक्ती वापरली, त्याची कंपनी पुढे इतर कंपन्यांत विलीन होऊन आयबीएम झाली. हजेरीचं यंत्र पण कार्डावर भोक नाहीतर शिक्का मारायचं. आता आपण नुसतं बोट टेकवतो, भोक कुठेच पडत नाही, तरी 'पंच केलं का' हेच विचारतो.

लाकडीनाक:
इंग्लंडातल्या 'पंच' नावाच्या बाहुल्याचं मी सांगतो, आवडता विषय आहे. याचा ठोशाशी संबंध नाही, जरी तो काठीने सगळ्यांना बडवत असला तरी!! हा मूळचा इटलीतला, नेपल्सच्या नाटकमंडळ्यांमधला पुल्चिनेल्ला, बाकदार नाक आणि कुबड. नाक चोचीसारखं म्हणून कोंबडीच्या पिल्लाच्या इटालियन शब्दाशी त्याचं नाव जोडतात. इंग्लंडात तो पंचिनेलो झाला आणि मग नुसता पंच. सॅम्युअल पेपिसच्या डायरीत ९ मे १६६२ ला लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये इटालियन बाहुल्यांचा खेळ बघितल्याची नोंद आहे, इंग्लंडातला पंचचा वाढदिवस तोच धरतात. 'प्लीज्ड ॲज पंच' मधला खूश झालेला माणूस तो हाच, सरबत नव्हे.

१८४१ मध्ये लंडनला 'पंच' नावाचं व्यंगचित्रांचं साप्ताहिक निघालं ते याच्याच नावाने. त्याच्या पहिल्या संपादकांपैकी एक मार्क लेमन, त्यावरून किस्सा सांगतात की नाव ठरवताना कोणीतरी म्हणालं लेमनशिवाय पंचला मजा नाही. म्हणजे तिथे बाहुला आणि पेय दोन्ही एकत्र आले. त्या मासल्याची पत्रं मग जगभर निघाली, योकोहामाला १८६२ मध्ये चार्ल्स विर्गमनचं 'जपान पंच' (जपानीत व्यंगचित्राला 'पोंची-ए' म्हणायला लागले ते त्यामुळे), लखनौला १८७७ मध्ये उर्दू 'अवध पंच', मुंबईत 'पारसी पंच', आणि आपल्या ठाण्याहून मराठी 'हिंदू पंच'. या शेवटच्यावर गोपाळ कृष्ण गोखल्यांनी बदनामीचा दावा लावला होता. मला विचाराल तर आपल्याकडे हे नाव जास्तच शोभलं, कारण मराठीत पंच म्हणजे निवाडा करणारा, आणि ही पत्रं तेच करायची, फक्त खिल्ली उडवत.

बार्देसकार:
पाचवाल्या गोष्टीचा मोठा साक्षीदार आमच्या गोव्यातला आहे, तो कोणी सोडू नका. जॉन फ्रायर म्हणून ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर होता, १६७० च्या दशकात या किनाऱ्यावर फिरला, त्याचं पुस्तक १६९८ ला छापलं. त्यात नेरूलचं नाव आहे. बार्देसमधलं नेरूल, कांदोळीच्या शेजारचं. म्हणतो इथे उत्तम अरक होते आणि तिच्यापासून इंग्रज लोक 'पाँच' नावाचं अंगातली ताकद काढून घेणारं पेय बनवतात, पाच वस्तू पडतात म्हणून हिंदुस्थानी भाषेतला पाच. त्या काळची अरक म्हणजे माडाच्या सुरेची, काजूची फेणी डोळ्यापुढे आणू नका.

खडूस_काका:
फ्रायरची साक्ष ठीक आहे, पण तो उशिरा आला हो. कंपनीच्याच एका माणसाच्या १६३२ च्या पत्रात 'पंच' आधीच आहे, आणि तिथे पाचाबिचाचं नाव नाही. १६३८ ला मांडेल्स्लो नावाचा जर्मन सुरतेला आला, त्याने इंग्रजांच्या पेयाचं नाव लिहिलंय 'पालेपुंट्स', म्हणजे 'बोल ओ पंच' (वाडगाभर पंच) हे त्याला जसं ऐकू आलं तसं. वस्तू किती? दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस, साखर. मोजा. चार!

शिवाय उच्चार बघा. जर्मन माणसाने 'पुंट्स' लिहिलंय, फ्रेंच प्रवासी बर्नियेने 'बुलपोंज'. म्हणजे खलाशांच्या तोंडी तो उकार होता, पाचातला लांब आ नव्हे. म्हणून ऑक्सफर्ड शब्दकोशवाले आणि इतर काहीजण पाचवर शंका घेतात. दुसरा उमेदवार म्हणजे 'पंचन', दारूचं मोठं पीप, जे जहाजावर असायचंच. खलाशी लोक पिपाचं नाव तोडून पेयाला देतील हे मला पाच पदार्थ मोजत बसण्यापेक्षा जास्त पटतं.

गवतीचहा:
पण काका, पंजाब पण इंग्रजीत यू घालूनच लिहितात की, तो तर पाच नद्यांचाच आहे. मग इथेच काय अडलं?

खडूस_काका:
प्रश्न चांगला काढलास. पंजाबातला अ ऱ्हस्व आहे, आणि इंग्रजांनी तो यू ने लिहायची पद्धत पाडली ती नंतर, इंग्रजी यू चा उच्चारच बऱ्याच ठिकाणी अ कडे सरकल्यावर. तो बदल सतराव्या शतकातला. त्याआधीच्या खलाशाला यू म्हणजे उ. आणि फ्रायर स्वतः काय लिहितो, तर 'पाँच', कारण त्याने इथे पाच हा शब्द कानाने ऐकला होता आणि तो त्याने पेयाला चिकटवला.

बार्देसकार:
चिकटवला कशावरून? इथल्या नोकरांनी, अरक विकणाऱ्यांनी सांगितलं असेल की. खलाशांना नाव कोणी शिकवलं असेल, माडावर चढणाऱ्यांनीच ना. हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात यूल आणि बर्नेलने पण पाचच धरलाय. मी माझ्या मतावर ठाम.

आळशी_अभ्यासक:
दोघे भांडा, मजा येतेय. फक्त एक, पंचनाम्यातला आणि क्रिकेटमधला पंच या गर्दीत घुसवू नका, तो सरळ संस्कृत पंचन् वाला, पाच जणांची पंचायत. आता बार्देसकार जिंकले तर पेयाचा पंच आणि अंपायर एकाच कुळातले ठरतील, आणि इंग्रजी 'फाइव्ह' पण त्यांचाच लांबचा चुलतभाऊ. काका जिंकले तर पेय बहुतेक टोचणाऱ्यांच्या घरात जाईल, कारण पिपाचं नाव आणि हत्याराचं नाव फ्रेंचमध्ये अगदी सारखंच आहे.

लाकडीनाक:
अवांतर: सफोक पंच नावाची इंग्लंडात घोड्याची जात आहे, नांगराला जुंपायची, आखूड पाय आणि भरलेलं अंग. बुटक्या जाडसर माणसाला तिकडे पंच म्हणायचे, त्यावरून ते नाव, आणि तो अर्थ बहुतेक पुन्हा आमच्या कुबड्या बाहुल्याकडूनच आलाय.