धडधाकट माणसाने रोज ॲस्पिरिन घ्यावी का?

फोंडेकर
चतुर्थीला सगळं गणगोत जमलं की जेवणानंतर औषधांच्या डब्या बाहेर येतात. कुणाला अटॅक आलेला नाही, स्टेंट (हृदयाच्या रक्तवाहिनीत घालतात ती जाळीची नळी) नाही, अर्धांगाचा झटका नाही, तरी साठी उलटली म्हणून ॲस्पिरिन ७५ चालू. शेजारचे घेतात, म्हणून आपणही. मला हे धोक्याचं वाटतं. डॉक्टरने तपासून दिल्याशिवाय ही गोळी सुरू करू नये.

ॲस्पिरिनमुळे रक्तातल्या प्लेटलेट (गुठळी करणाऱ्या पेशी) एकमेकींना चिकटत नाहीत, आणि एकदा परिणाम झालेली प्लेटलेट तिचं आयुष्य संपेपर्यंत, म्हणजे ७ ते १० दिवस, तशीच राहते. अटॅक येऊन गेलेल्याला हेच हवं असतं. पण पोटात अल्सर असेल तर तिथलं रक्तही थांबत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ॲस्प्री चाचणीत ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतले १९ हजारांहून जास्त निरोगी ज्येष्ठ होते, बहुतेक सत्तरीपुढचे. पावणेपाच वर्षांच्या आसपास रोज १०० मिलिग्रॅम देऊन हृदयविकारात ठळक फरक पडला नाही. मोठा रक्तस्राव मात्र दर हजारी वर्षाला ६.२ वरून ८.६ वर गेला. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीनेही सांगितलं की ज्यांना हृदयविकार नाही त्यांनी साठीनंतर ही गोळी नव्याने सुरू करू नये.

डिचोलीकर
फोंडेकरबाब, पटलं नाही. ते आकडे तिकडच्या माणसांचे. आपल्याकडे अटॅक लवकरच्या वयात येतो आणि डायबेटिस घरोघरी. ब्रिटनमध्ये डायबेटिसवाल्यांवर झालेली ॲसेंड चाचणी बघा, तीही २०१८ चीच. साधारण साडेसात वर्षांत अटॅक, झटका वगैरे ९.६ टक्क्यांवरून ८.५ वर आले. मोठा रक्तस्राव ३.२ वरून ४.१ वर. म्हणजे हजारात ११ जण अटॅक-झटक्यातून वाचले, ९ जणांना रक्तस्राव झाला. रक्तस्रावातून माणूस बहुधा उठतो. अर्धांग झालेला आयुष्यभर खाटेवर पडतो, आणि त्याच्याबरोबर घरातलं एक माणूस बांधलं जातं. शिवाय सत्तरी तालुक्यातल्या केरी गावाहून रात्री बांबोळीच्या जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) पोचायला किती वेळ लागतो, ते तिथल्या लोकांना विचारा.

फोंडेकर
तुमचे आकडे बरोबर आहेत, आणि म्हणूनच सरसकट गोळी नको म्हणतो. ११ आणि ९ इतकं जवळ असेल तर ते ९ कोण, हे आधी बघायला नको? ज्याला पूर्वी अल्सर झालाय, जो रात्री फेणी घेतो, गुडघ्यासाठी दुखण्याची गोळी खातो, तो त्या ९ मध्ये जायची शक्यता जास्त. केरीहून बांबोळी लांब आहे, तर रक्ताची उलटी झाल्यावरही ती तितकीच लांब. डायबेटिस असलेल्याने आधी साखर, प्रेशर, कोलेस्टेरॉल सांभाळावं, तंबाखू सोडावी. त्यात फायदा जास्त आणि रक्तस्रावाची ही भीती नाही.

साखळीची सून
तुम्हा दोघांचं वाचून मला वेगळीच काळजी वाटते. “ॲस्पिरिन वाईट” एवढंच लक्षात ठेवून स्टेंटवाली माणसं गोळी बंद करतात. माझ्या सासूबाईंना स्टेंट घातल्याला सहा महिनेही झाले नव्हते. दाढ काढायची म्हणून ओळखीतल्या एकाने सांगितलं, ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीची गुठळी टाळणारी गोळी, दोन्ही आठवडाभर बंद ठेव. त्या ठेवणारही होत्या. दातांच्या डॉक्टरांनी हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला आणि गोळ्या चालू ठेवूनच दाढ काढली. टाके घातले, कापूस दाबून धरायला लावला, रक्त थांबलं. नव्या स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जिवावर बेततं. गोळी सुरू करण्याएवढाच विचार ती बंद करतानाही हवा, हे प्रत्येक घरात सांगायला हवं.

म्हापसा फार्मसी
काउंटरवर मी रोज बघतो ते सांगतो. ॲस्पिरिन घेणारी माणसं आयबुप्रोफेन ही दुखण्याची गोळी सर्रास मागतात. त्याने पोटातला रक्तस्राव वाढतो आणि ॲस्पिरिनचं कामही अडतं. क्लोपिडोग्रेल (ॲस्पिरिनसारखीच प्लेटलेट चिकटू न देणारी गोळी) चालू असेल तर ॲसिडिटीसाठी स्वतःहून ओमेप्राझोल घेऊ नका, त्याने क्लोपिडोग्रेलचा असर कमी होतो. त्याऐवजी पँटोप्राझोल चालेल का, ते डॉक्टरांना विचारा. एकाच कॅप्सूलमध्ये ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही येतात, आणि घरात जुनी ॲस्पिरिनची स्ट्रिपही असते. दुप्पट डोस असाच होतो. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. पावसात डेंगीचा ताप आला तर आधी डॉक्टरांना सांगा की ही गोळी चालू आहे. तापाला फक्त पॅरासिटामॉल.

डिचोलीकर
सूनबाय, तुमचं सोळा आणे खरं. स्टेंटवाल्याने स्वतःहून गोळी बंद करू नये. पण साठीच्या आतल्या, रक्तस्रावाचा त्रास नसलेल्या डायबेटिसवाल्याला “नको” म्हणणं मला अजूनही पटत नाही. डॉक्टरने निदान विषय तरी काढावा. आणि फार्मसीबाब, छातीत कळ आली तर घरातली ॲस्पिरिन द्यावी की नाही?

म्हापसा फार्मसी
आधी १०८. फोनवर सांगतील तसं करा. ॲलर्जी नसेल, कुठे रक्त जात नसेल, तर बहुधा ३०० मिलिग्रॅम साधी ॲस्पिरिन चावून खायला सांगतात; वरून आवरण असलेली गोळी नुसती गिळली तर असर उशिरा होतो. तोंड वाकडं झालं, हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय, असं असेल तर मात्र काहीही देऊ नका. तो झटका गुठळीचा की मेंदूतल्या रक्तस्रावाचा, हे सीटी स्कॅन केल्यावरच कळतं.