मदत हवी आहे: निपाणीच्या वस्तीतली पहिली आरोग्यभेट

आमचं चारजणांचं आरोग्य पथक पुढच्या महिन्यात निपाणीतल्या देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या वस्तीत पहिल्यांदा जाणार आहे. वेळ दुपारी एक ते चार धरली आहे. सकाळी बायका झोपलेल्या असतात, अंधार पडला की धंद्याची वेळ. सोबत पोलीस किंवा कॅमेरा अजिबात नको, दारं लगेच बंद होतात. "इथं कशी आलीस?" हा प्रश्नही कोणी विचारायचा नाही, एवढं पथकाला बजावलं आहे.

बोटातून रक्त घेऊन एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी करायची आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याप्रमाणे संमती आणि गोपनीयता हवीच. पहिल्या चाचणीत संशय आला तरी तिथं "पॉझिटिव्ह" म्हणायचं नाही. एचआयव्हीचा पक्का निकाल आयसीटीसीतच (सरकारी समुपदेशन व तपासणी केंद्रात). किटच्या डब्यावरचं तापमान पाळलं नाही, उन्हात गाडीत ठेवलं, तर निकालावर भरवसा राहत नाही. आमच्यापैकी कुणाला सुई टोचली तर एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या ७२ तासांच्या आत, शक्यतो दोनेक तासांतच सुरू करून २८ दिवस घ्यायच्या, हेही ठरलं आहे.

अडचण सीमेची आहे. गाव कर्नाटकात, पण कोल्हापूर जवळ. बाई एचआयव्हीच्या औषधाला कोल्हापूरला जाते म्हणाली, तर नोंद कुठं करायची? एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात ट्रान्सफरच्या कागदांत औषध खंडित होऊ नये म्हणून काय करता? आणि मराठी-कन्नड दोन्ही बोलणारी, वस्तीतलीच सहकारी कशी शोधायची? घरवालीमार्फत (कुंटणखाना चालवणाऱ्या बाईमार्फत) गेलो तर बायका मोकळेपणानं नकार देऊ शकणार नाहीत, ही खरी काळजी आहे. या भागात काम केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.