मदत हवी आहे: चा-चा-चा नाचात दुसऱ्या मात्रेवरचा ब्रेक टिकवायचा कसा?

मंडळी, नवशिक्यांच्या बॅचसाठी सल्ला हवाय. मोजणी 2, 3, 4-आणि-1; ब्रेक, म्हणजे दिशा बदलणारं पाऊल, 2 वर. चौथ्या मात्रेचे दोन अर्धे, म्हणजे ‘4’ आणि ‘आणि’ अर्ध्या अर्ध्या मात्रेचे, ‘1’ पूर्ण. टाळ्या वाजवून सगळ्यांना जमतं. गाणं लागलं की सात-आठ बारमध्ये (एक बार म्हणजे चार मात्रा) अर्धी बॅच 1 वर ब्रेक घ्यायला लागते.

कारण बहुधा शास्से, म्हणजे ‘4-आणि-1’ वरची तीन झटपट पावलं. पाऊल फार लांब पडतं, वजन पुरतं सरकत नाही, मग ‘1’ उशिरा पोचतो आणि पुढचं सगळंच घसरतं. लॉक स्टेपमध्ये, म्हणजे एका पायामागे दुसरा अडकवत घ्यायच्या शास्सेत, तर मागचा पाय बाजूला राहतो, पुढच्याच्या मागे येतच नाही. कंबर मुद्दाम हलवणं हा आणखी एक ताप! गुडघा सरळ झाला की ती आपोआप बसते, हे कितीही सांगा.

स्पर्धेचा वेग मिनिटाला 30 बारच्या आसपास, म्हणजे 120 बीट. सराव 26 वर सुरू आहे. त्याहून खाली गेलं की नाचातला खट्याळपणाच जातो, रुंबासारखा संथ नाच वाटायला लागतो.

क्यूबात, हवानात 1950च्या दशकाच्या सुरुवातीला संगीतकार एन्रिके होर्रिननं चा-चा-चाची चाल दान्सोन या जुन्या क्यूबन नाच-संगीतातून काढली, कारण नाचणाऱ्यांना मांबो या दुसऱ्या क्यूबन प्रकाराची उलटसुलट लय जड जात होती. तेव्हा विचारायचंय: आधी नुसता दान्सोन किंवा जुना क्यूबन चा-चा-चा ऐकवून 2 पकडायला शिकवलंय का कुणी? की गुइरो या घासून वाजवायच्या वाद्याच्या खरखरीवर ‘4-आणि-1’ बसवणं सोपं पडतं? आणि शास्से जागच्या जागी किती दिवस ठेवावा?