अमेरिकेत ट्रकच्या परमिटची लेखी परीक्षा : तुमचे अनुभव सांगा

धागाकर्ता
ओहायोत राहतो, सीडीएलच्या, म्हणजे व्यावसायिक वाहन परवान्याच्या, तयारीला लागलोय. आधी लेखी पास होऊन परमिट, म्हणजे शिकाऊ परवाना, मग किमान १४ दिवस थांबून प्रत्यक्ष चाचणी. जनरल नॉलेजच्या ५० प्रश्नांपैकी ४० बरोबर हवेत. एअर ब्रेक (हवेच्या दाबावर चालणारे) आणि ट्रेलर यांचे पेपर वेगळे. पंजाबीत यावर ढीगभर व्हिडिओ दिसतात, मराठीत मला काहीच मिळालं नाही. नियम सरकारी पुस्तकात आहेतच. तुम्ही अभ्यास कसा केलात ते लिहा.

घाटरस्ता
इकडे येण्याआधी पुणे–बेंगळुरू लाईनला बरीच वर्षं ट्रक चालवला. आमच्या उस्तादांची शिकवण अशी, की ज्या गिअरला घाट चढलास त्याच गिअरला उतर. मॅन्युअलमध्ये, म्हणजे त्या सरकारी पुस्तकात, अगदी हेच सापडलं तेव्हा उस्तादांची आठवण आली. पण लगेच पुढे लिहिलंय की हे जुन्या ट्रकांसाठी. नव्या गाड्यांची इंजिनं ताकदवान, घर्षण कमी, वाराही कमी अडतो, त्यामुळे चढताना लागला त्याहून खालचा गिअर उतरताना लागू शकतो. मला यावर प्रश्न आला होता.

गिअर उतार सुरू व्हायच्या आधीच टाकायचा. ब्रेकचीही पद्धत ठरलेली आहे. सुरक्षित वेग ४० मैल धरला, तर ४० झाला की दाबून ३५ वर आणायचा, सोडायचा, पुन्हा ४० झाला की पुन्हा. खंबाटकीत ब्रेक लाईनरचा जळका वास घेतलेल्याला हे प्रकरण नवीन नाही, फक्त इंग्रजी शब्द नवीन. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे आपले बहाद्दर मात्र इथे पहिल्याच पानावर गारद होतील.

एअर ब्रेकचे आकडे पाठच करा. हवा साधारण १२५ पीएसआयला (हे दाबाचं माप) भरायची थांबते, १०० च्या आसपास परत सुरू होते. हवा उतरत गेली तर स्प्रिंग ब्रेक, म्हणजे स्प्रिंगच्या जोरावर लागणारे, २० ते ४५ च्या दरम्यान आपोआप लागतात. कमी हवेची सूचना ५५ च्या खाली जाण्याआधी यायला हवी. जुन्या पुस्तकांत इथे ६० आहे, म्हणून आपल्या राज्याचं चालू पुस्तकच घ्या. कुणाचं तरी झेरॉक्स नको.

पिवळी बस
मी ट्रक नाही, शाळेची बस चालवते, पण पुस्तक तेच. मला लागली ती पहिली तीन प्रकरणं, चौथं प्रवाशांचं, पाचवं एअर ब्रेकचं आणि दहावं शाळेच्या बसचं. ट्रेलर नाही म्हणून सहावं सोडलं.

दहाव्यात बसभोवतीचा धोक्याचा पट्टा आहे: समोर ३० फुटांपर्यंत, त्यातले पहिले १० सगळ्यात घातक, बाजूंना आणि मागे दहा-दहा. मी हे घरासमोर टेपने मोजून खडूने आखलं आणि मुलाला त्यात ठिकठिकाणी उभं केलं. शेजारी बघत राहिले, पण आकडे पक्के बसले. रेल्वे फाटकाशी रुळापासून १५ ते ५० फुटांच्या मध्ये थांबायचं, हेही तसंच आखलं.

आणि प्रश्न शेवटपर्यंत वाचा. "यापैकी कोणतं बरोबर नाही" असा प्रश्न असतो आणि ते "नाही" मध्येच कुठेतरी दडलेलं असतं.

सरळमार्गी
एवढं कशाला? फोनवरच्या ॲपवर सराव परीक्षा दिल्या, पास झालो. मॅन्युअल उघडलंसुद्धा नाही.

घाटरस्ता
दादा, लेखीत चालून जाईल. पण प्रत्यक्ष चाचणीत परीक्षकासमोर ब्रेक तपासताना हेच आकडे तोंडाने सांगावे लागतात. ट्रेलर जोडलेला, इंजिन बंद, ब्रेक दाबून धरलेला, तर मिनिटात ४ पीएसआयहून जास्त हवा उतरता कामा नये. तिथे समोर अ, ब, क पर्याय नसतात.

रसायनवाला
हॅझमॅट, म्हणजे धोकादायक माल. पेपर ३० प्रश्नांचा, पण ७ फेब्रुवारी २०२२ पासून त्याआधी थिअरीचं प्रशिक्षण सक्तीचं आहे, शिवाय बोटांचे ठसे आणि टीएसएची (अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याची) तपासणी. हा वेळ हिशेबात धरा. रोह्याच्या एमआयडीसीत काम केल्यामुळे मालाचे नऊ वर्ग मला ओळखीचे होते. पेट्रोलच्या टँकरवरचा मालाचा क्रमांक १२०३ लोणी काळभोरला तोच, ह्यूस्टनलाही तोच. नवीन होती ती मालाच्या कागदांची जागा: चालवताना पट्टा बांधून हात पोचेल अशी, उतरल्यावर दाराच्या खिशात किंवा सीटवर. चालक बेशुद्ध असला तर आग विझवायला आलेल्यांना ते लगेच सापडायला हवेत.

सौ. ट्रकवाले
परीक्षा ह्यांची, अभ्यास दोघांचा. ह्यांचं शिक्षण मराठी शाळेतलं. आधी मी मराठीत समजावायचे, मग तेच इंग्रजीतून विचारायचे. फूट काही केल्या डोक्यात बसेना. ५५ मैलांच्या वेगात कोरड्या रस्त्यावर थांबायला ४१९ फूट लागतात. मी म्हटलं, क्रिकेटच्या सहा खेळपट्ट्या एकापुढे एक आणि वर थोडं. ते लगेच बसलं! पाट्यांची पानं मात्र मोठ्याने इंग्रजीतच वाचून घेतली. जून २०२५ पासून रस्त्यावरच्या तपासणीत पुरेसं इंग्रजी येत नाही असं ठरलं, तर चालकाला तिथेच गाडी चालवायची मनाई होते.

मिडलंड्स
इंग्लंडची भर घालतो. लॉरीच्या थिअरीत १०० प्रश्न, ८५ हवेत. त्याशिवाय धोका ओळखण्याच्या १९ चित्रफिती, १०० पैकी ६७. धोका तयार होताना दिसला की क्लिक करायचं. नुसतं टकटक करत बसलात तर त्या चित्रफितीला शून्य.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. ट्रेलरच्या पेपरबद्दल कोणी काहीच लिहिलं नाही?

घाटरस्ता
२० प्रश्न, बरेचसे जोडणी-सोडणीच्या क्रमावर. जोडून झालं की टॉर्च घेऊन ट्रेलरखाली जायचं, फिफ्थ व्हीलच्या (ट्रेलर ट्रकला जोडणाऱ्या चकतीच्या) वरच्या-खालच्या भागांत फट नाही ना आणि तिचा जबडा किंगपिनभोवती, म्हणजे ट्रेलरखालच्या खिळीभोवती, नीट बंद झालाय ना ते डोळ्यांनी बघायचं. आपल्याकडे असली कामं क्लीनरची. इथे क्लीनर नसतो, तुम्हीच वाकायचं.