‘अर्ली इंग्लिश बुक्स’ला मराठीत काय म्हणायचं? : दोलामुद्रित, पत्र, जुज, पुष्पिका, त्रुटित

मूळ प्रश्न

मंडळी, नमस्कार. एका दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे. ब्रिटिश लायब्ररी, ऑक्सफर्डची बॉडलियन, वॉशिंग्टनची फोल्जर अशा ग्रंथालयांत जपलेली आरंभीची इंग्रजी पुस्तकं, हस्तलिखितं आणि छापील चित्रं असा विषय आहे. माहिती हाताशी आहे, पण शब्दांशी अडते आहे. ‘रेअर अर्ली इंग्लिश बुक्स’साठी मी ‘दुर्मीळ प्राचीन इंग्रजी ग्रंथ’ असं लिहिलं आणि स्वतःलाच पटेना. चारशे-पाचशे वर्षांपूर्वीचं छापील पुस्तक प्राचीन कसं? ‘फोलिओ’ तर एकाच परिच्छेदात दोन अर्थांनी आलाय, एकदा पुस्तकाचा आकार म्हणून आणि एकदा हस्तलिखितातलं पान म्हणून. वाचक गोंधळेल. आपल्याकडे पोथ्यांची एवढी मोठी परंपरा आहे, तिच्यातले शब्द इथे चालतील का?

प्रतिसाद : निवृत्त ग्रंथपाल

ताई, ‘प्राचीन’ काढाच. ‘आरंभकालीन’ म्हणा किंवा सरळ ‘सुरुवातीची’.

युरोपात १५०० सालच्या अखेरीपर्यंत छापलेल्या पुस्तकांना लॅटिनमध्ये ‘इनक्युनॅब्युला’ म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ बाळाची दुपटी-बाळोती, पाळणा. म्हणजे मुद्रणकला पाळण्यात होती तेव्हाची पुस्तकं. त्यावरून मराठीत ‘दोलामुद्रित’ झाला. दोला म्हणजे झोका, पाळणा. शब्द फार चांगला आहे, पण वापरताना एक सांभाळा, त्याच्या पोटात तारीख आहे आणि ती तारीख प्रत्येक भाषेची वेगळी. मराठी दोलामुद्रितं म्हटलं की आपण १८६७च्या मुद्रण आणि ग्रंथनोंदणी कायद्यापर्यंत येतो, कारण देवनागरीतल्या मराठी छपाईचा पाळणा हललाच मुळी एकोणिसाव्या शतकात. विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण बंगालमधल्या श्रीरामपूरला छापलं गेलं १८०५ साली. इंग्लंडात विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना थाटला १४७६ साली. तेव्हा १४७६ ते १५०० एवढ्याच काळातल्या इंग्लंडच्या पुस्तकांना दोलामुद्रित म्हणा. शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३च्या संग्रहाला, म्हणजे ‘पहिल्या फोलिओ’ला, म्हणू नका.

आता तुम्ही न विचारलेली अडचण. ‘अर्ली इंग्लिश बुक्स’मधला ‘इंग्लिश’ म्हणजे भाषा की देश? मराठीत ‘इंग्रजी पुस्तक’ म्हटलं की फक्त भाषा कळते. पण या पुस्तकांची जी मूळ सूची आहे, पोलार्ड आणि रेडग्रेव्ह यांची १९२६ची, तिच्यात १४७५ ते १६४० या काळात इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडमध्ये छापलेली कुठल्याही भाषेतली पुस्तकं येतात, आणि शिवाय जगात कुठेही छापलेली इंग्रजी पुस्तकं येतात. पुढे विंग यांनी तीच रीत १७०० पर्यंत नेली. न्यूटनचं ‘प्रिन्किपिया’ घ्या, १६८७, लंडन. भाषा लॅटिन, तरी सूचीत आहे. विल्यम हार्वेचं रक्ताभिसरणावरचं पुस्तक घ्या, १६२८. माणूस इंग्रज, पण पुस्तक लॅटिनमध्ये आणि छापलं फ्रँकफुर्टला, म्हणून सूचीच्या बाहेर. ‘सुरुवातीची इंग्रजी पुस्तकं’ एवढंच लिहिलंत तर न्यूटन बाहेर राहील. एकदाच नीट फोड करून ‘इंग्लंडात छापलेली आणि इंग्रजीत छापलेली’ असं लिहा. पुढे मग ‘इंग्रजी पुस्तकं’ चालेल.

प्रतिसाद : छापखान्यात आयुष्य गेलेला

फोलिओबद्दल मी सांगतो. हा शब्द आकाराचा नाही, घडीचा आहे.

कागदाचा एक ताव घ्या आणि एकदा दुमडा. दोन पत्रं, म्हणजे दोन पानं, आणि दोन्ही बाजू धरून चार पृष्ठं झाली. हा फोलिओ. पुन्हा दुमडा, चार पत्रं, आठ पृष्ठं, हा क्वार्टो. आणखी एकदा दुमडला की आठ पत्रं, सोळा पृष्ठं, ऑक्टाव्हो. ताव लहान असेल तर फोलिओसुद्धा लहानच होणार, म्हणून ‘मोठ्या आकाराचं पुस्तक’ हे भाषांतर चुकतं.

जुनं पुस्तक कितीही कापून-छाटून बांधलेलं असो, घडी लपत नाही. हातकागद ज्या जाळीवर पसरतात तिच्या तारांच्या रेघा कागदात उमटतात. पान उजेडासमोर धरा. अंतरा-अंतरावरच्या ठळक रेघा उभ्या आणि जलचिन्ह (वॉटरमार्क) पानाच्या मध्यावर असेल तर फोलिओ. रेघा आडव्या आणि जलचिन्ह शिवणीत अर्धं गडप झालेलं असेल तर क्वार्टो. रेघा पुन्हा उभ्या आणि जलचिन्ह शिवणीच्या वरच्या टोकाला असेल तर ऑक्टाव्हो. मोजपट्टी लागतच नाही.

आमच्या धंद्यात ‘डेमी आठपेजी’, ‘क्राउन सोळापेजी’ म्हणतात, तेही असंच घडीचं मोजमाप आहे. आठपेजीत तावाच्या एका अंगाला आठ पृष्ठं बसतात, म्हणजे पूर्ण तावाची सोळा पृष्ठं. त्याच वळणावर दुपत्री, चौपत्री, अष्टपत्री म्हणावं असं मला वाटतं. ‘पेजी’ऐवजी ‘पत्री’ मुद्दाम, कारण इथे पत्रं मोजायची आहेत. शेक्सपिअरच्या पुस्तकाचं नाव मात्र ‘पहिला फोलिओ’च ठेवा, ते आता विशेषनाम झालंय.

प्रतिसाद : निवृत्त ग्रंथपाल

दादांनी ‘पत्र’ म्हटलं, फार बरं वाटलं. ताईंच्या दुसऱ्या ‘फोलिओ’चं उत्तर त्यातच आहे. पोथीच्या सूचीत आपण पृष्ठं मोजत नाही, पत्रं मोजतो. आकडा पत्राच्या एकाच अंगावर घालतात आणि सूचीकार पुढच्या अंगाला ‘अ’, मागच्याला ‘ब’ म्हणतो. इंग्रजी हस्तलिखितांचीही तीच पद्धत. ‘बेओवुल्फ’ हे जुन्या इंग्रजीतलं ३१८२ ओळींचं काव्य ज्या बाडात आहे त्यात ते पत्र १३२अ पासून २०१ब पर्यंत, म्हणजे सत्तर पत्रांवर आहे. जुन्या क्रमांकनाने तेच १२९अ ते १९८ब. दोन्ही आकडे पुस्तकांतून भेटतील, ‘पत्रांक’ लिहिताना कुठला ते सांगा.

‘बाड’ मी जाणूनबुजून म्हटलं. पोथीची पत्रं सुटी असतात, बाड शिवलेलं असतं आणि त्यात बहुधा अनेक रचना एकत्र असतात. बेओवुल्फचं चर्मपत्रावरचं हस्तलिखित नेमकं तसंच आहे. शिवाय दोन वेगळी हस्तलिखितं नंतर एकत्र बांधलेली आहेत. त्याचा ग्रंथालयातला पत्ता ‘कॉटन व्हिटेलियस ए १५’. रॉबर्ट कॉटन यांच्या ग्रंथालयात फडताळांवर रोमन सम्राटांचे अर्धपुतळे होते. व्हिटेलियसच्या फडताळातला पहिला कप्पा आणि त्यातलं पंधरावं बाड, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे पेशवे दप्तरात रुमालाचा, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्याचा, क्रमांक देतात तसं. ती फडताळं गेली, १७३१ साली आग लागून कितीतरी बाडं होरपळली, बेओवुल्फच्या पत्रांच्या कडाही जळाल्या आणि पुढे त्यांचा भुगा होत राहिला. पत्ता मात्र अजून तोच आहे.

प्रतिसाद : छापखान्यात आयुष्य गेलेला

काका, पोथीचे शब्द सगळीकडे पुरणार नाहीत. पोथीला घडी नाही आणि शिवणही नाही, त्यामुळे तिथे त्यासाठी शब्द नाही. तो बाइंडरकडे आहे. एकात एक घातलेल्या घड्यांच्या गठ्ठ्याला ‘जुज’ म्हणतात, त्यावरूनच ‘जुजबंदी’ शिलाई. पहिल्या फोलिओत बहुतेक ठिकाणी तीन ताव एकात एक घालून सहा पत्रांचा जुज केलेला आहे. याला ‘विभाग’ किंवा ‘संच’ म्हणू नका. आणि पानाच्या कडेच्या मोकळ्या जागेला ‘मार्जिन’ कशाला? ‘समास’ आहे की.

धागालेखिका

काका, दादा, दोघांचेही मनापासून आभार. आता ‘कोलोफन’. कॅक्स्टनच्या पुस्तकाला आजच्यासारखं शीर्षकपान नाही. पुस्तक कुणी, कुठे, कधी केलं ही माहिती शेवटी येते. कोशात ‘समाप्तिलेख’ मिळाला, पण कोरडा वाटतो.

प्रतिसाद : निवृत्त ग्रंथपाल

पुष्पिका! दुसरा शब्द शोधूच नका.

ग्रंथ संपल्यावर पोथीत ‘इति श्री…’ येतं, मग शके, तिथी, गाव, लिहिणाऱ्याचं नाव, ती पुष्पिका. (पोथीत ‘लेखक’ म्हणजे नक्कल उतरवणारा, रचना करणारा तो ‘कर्ता’. इंग्रजी हस्तलिखितांबद्दल लिहिताना हा फरक पाळलात तर निम्मे घोळ टळतील.) आणि तिच्याजवळ अनेकदा हा श्लोक असतो :

भग्नपृष्ठकटिग्रीवः स्तब्धदृष्टिरधोमुखः ।
कष्टेन लिखितं ग्रन्थं यत्नेन परिपालयेत् ॥

पाठभेद पुष्कळ आहेत. पाठ, कंबर, मान मोडली, नजर थिजली, मान खाली घालून कष्टाने लिहिलंय, तर जपा.

आता कॅक्स्टन काय म्हणतो पाहा. ट्रॉयच्या कथांचं फ्रेंच पुस्तक त्याने स्वतः इंग्रजीत आणलं आणि १४७३च्या सुमारास, वेस्टमिन्स्टरला यायच्या आधी, आजच्या बेल्जियमच्या भागात छापलं. इंग्रजी भाषेतलं ते पहिलं छापील पुस्तक. शेवटी तो सांगतो की माझी लेखणी झिजली, हात थकला आणि स्थिर राहीना, पांढऱ्या कागदाकडे फार बघून डोळे अंधुक झाले, वय रोज अंगावर चढतंय. आणि मी तर कितीतरी सरदारांना, मित्रांना हे पुस्तक लवकर द्यायचा शब्द दिलाय. म्हणून मी मोठ्या खर्चाने छापायला शिकलो. हे पुस्तक इतर पुस्तकांसारखं शाई-लेखणीने लिहिलेलं नाही, याच्या सगळ्या प्रती एकाच दिवशी सुरू झाल्या आणि एकाच दिवशी संपल्या.

पोथ्यांची सूची करताना तो श्लोक मी इतक्यांदा उतरवून घेतलाय की कॅक्स्टनचा मजकूर पहिल्यांदा वाचला तेव्हा पुढे वाचवेना, थांबलोच. तीच मोडलेली पाठ, तेच थिजलेले डोळे. आपला लेखक त्यावर ‘जपा’ म्हणाला, कॅक्स्टन ‘म्हणून छापलं’ म्हणाला. एवढी जवळची गोष्ट आहे, तिला ‘समाप्तिलेख’ म्हणून परकी करू नका.

धागालेखिका

काका, हा उतारा लेखात घेतेच. राहिला ‘दुर्मीळ’. (शुद्धलेखनाप्रमाणे मी दीर्घ लिहिते.) पहिल्या फोलिओच्या साधारण २३५ प्रती आज माहीत आहेत, त्यातल्या ८२ एकट्या फोल्जरमध्ये. याला दुर्मीळ म्हणायचं?

प्रतिसाद : निवृत्त ग्रंथपाल

मी म्हणणार नाही. मौल्यवान म्हणेन. बॉडलियनचीच गोष्ट घ्या. त्यांच्याकडे १६२३ची प्रत आली, बांधली गेली, साखळीने कपाटाला जोडली गेली. १६६४ची नवी तिसरी आवृत्ती आल्यावर जुनी कशाला हवी म्हणून ती विकून टाकली. १९०५ साली एका घराण्याच्या संग्रहातून एक प्रत दाखवायला आणली गेली, तेव्हा बांधणीवरून आणि पुठ्ठ्यावरच्या साखळीच्या खुणेवरून कळलं की ही आपलीच. १९०६ साली वर्गणी गोळा करून ३००० पौंडांना परत घेतली. त्यांनी विकली तेव्हा ती ‘जुनी’ होती, घेतली तेव्हा ‘मौल्यवान’.

दुर्मीळ म्हणजे टिंडलने केलेला बायबलच्या नव्या कराराचा १५२६चा इंग्रजी अनुवाद. जर्मनीतल्या वर्म्सला छापला, चोरून इंग्लंडात आणला, लंडनच्या बिशपने प्रती जमवून जाळल्या. आज तीन प्रती माहीत आहेत. किंवा ‘हॅम्लेट’ची १६०३ची चौपत्री, तिच्या दोनच. एक कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन ग्रंथालयात, शेवटचं पत्र नसलेली. दुसरी ब्रिटिश लायब्ररीत, पहिलं पत्र नसलेली. अशा प्रतीला ‘अपूर्ण’ म्हणू नका, कर्त्याने अर्धवट सोडलं असं वाटतं. ‘त्रुटित’ म्हणा. लिहून-छापून पूर्ण होतं, नंतर तुटलं.

आणि दुर्मीळच्याही पलीकडे ‘अनुपलब्ध’. याचं उदाहरण थेट आपल्या भाषेतलं आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला जेझुइट पाद्री गोव्यात आला आणि त्याने मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. १६१६ साली ते गोव्यातल्याच राचोलला रोमन लिपीत छापलं गेलं. पुढे १६४९ आणि १६५४ सालीही छापलं. या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. रचना टिकली ती हस्तलिखितांमुळे. त्यातली एक देवनागरी प्रत लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीजमध्ये मार्सडेन संग्रहात आहे. छापलेलं गेलं, हाताने लिहिलेलं राहिलं.

प्रतिसाद : एक चित्रकार

‘प्रिंट’बद्दल थोडक्यात. लाकडी ठसा, अम्लरेखन, शिळाछाप या सगळ्यांना मिळून आम्ही ‘मुद्राचित्र’ म्हणतो. हॉलरने १६४७ साली काढलेलं लंडनचं लांबलचक दृश्य हे अम्लरेखन, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेघा खोदून घेतलेला छाप. ‘छायाचित्राची प्रिंट’ या अर्थाशी गल्लत नको असेल तर मुद्राचित्रच वापरा.

धागालेखिका

वापरते. काका, सरावासाठी ब्रिटिश लायब्ररीतल्या हॅम्लेटची पोथीच्या सूचीसारखी नोंद केली आहे, बघता का?

‘हॅम्लेट. कर्ता : विल्यम शेक्सपिअर. छापील, चौपत्री. लंडन, १६०३. प्रत त्रुटित, मुखपृष्ठ नाही.’

प्रतिसाद : निवृत्त ग्रंथपाल

छान आहे. दोन दुरुस्त्या करा. ‘मुखपृष्ठ’ आज वेष्टनाला म्हणतात, तिथे ‘शीर्षकपत्र नाही’ असं लिहा. आणि लंडन, १६०३ चौकटी कंसात घाला. स्थळ आणि साल त्याच हरवलेल्या पत्रावर होतं. या प्रतीत ते कुठेच नाही, हंटिंग्टनच्या प्रतीवरून घेतलंय.