सगळी मुळाक्षरं येतात, पण शब्द जुळत नाही. बाराखडी सुरू करू का?

पाऊलवाट

मुलगी सव्वाचार वर्षांची आहे. क ते ज्ञ तोंडपाठ आहे. तक्त्यावर कुठेही बोट ठेवलं तरी बहुतेक अक्षरं बरोबर सांगते. पण 'मगर' लिहून दिलं की 'म... ग... र...' म्हणते आणि गप्प बसते. शब्द कोणता झाला, ते सांगता येत नाही. शेजारी चित्र असेल तर मात्र लगेच 'मगर!' आता बाराखडी घ्यावी का? लिहायला बसवावं का? रोज किती वेळ? शाळा इंग्रजी माध्यमाची असेल, त्यामुळे मराठी वाचन घरीच व्हायला हवं.

खडूफळा

बाराखडी तूर्त बाजूला ठेवा. तिचं अक्षरओळखीत काही अडलेलं नाही, अडलंय ते जोडण्यात, आणि मराठीत ते एका ठरावीक जागी अडतं. सुटं अक्षर म्हणताना आपण 'र' पूर्ण म्हणतो, त्यात 'अ' असतो. 'मगर' बोलताना मात्र शेवटच्या र चा पाय मोडतो, 'मगर्' असं ऐकू येतं. मूल तीन पूर्ण अक्षरं ओळीने म्हणतं, तेव्हा कानावर पडतं ते त्याच्या ओळखीच्या मगरीसारखं नसतंच. मग ते गप्प बसणारच.

सुरुवात दोन अक्षरी, बिनकान्याच्या शब्दांनी करा: घर, बस, वर, कर, सर, रस. शब्द तिच्या रोजच्या बोलण्यातलेच हवेत. 'नभ' तिने बरोबर वाचलं तरी बरोबर आलं हे तिला कळायचं कसं?

'बस' ची दोन कार्डं वीतभर अंतरावर ठेवा. पहिल्याखाली बोट ठेवून 'बऽऽऽ' लांबवा, आवाज न तोडता बोट सरकवत न्या आणि दुसऱ्याखाली पोचताच छोटा 'स्' म्हणा. मग कार्डं जवळ आणा, पुन्हा तेच जरा जलद. शेवटी चिकटवा आणि तिला म्हणू द्या. आवाज मध्ये तुटला की शब्द सुटतो, म्हणून 'ब, स, काय झालं?' असं विचारू नका.

तीन अक्षरी शब्द एक अधिक दोन असा फोडायचा: म-गर, ग-रम, क-मळ. पहिलं अक्षर बोटाने झाकून आधी 'गर' वाचून घ्या, मग बोट काढा. चार अक्षरी दोन-दोन: गड-बड, खट-पट. आपण बोलतोही असेच. 'मग-र' असं फोडलंत तर मूल हमखास अडकतं.

वेळ दिवसातून एकदा, १० मिनिटं. त्यात पाच-सहा शब्द पुष्कळ झाले.

शब्दवेल

वरच्या प्रतिसादाशी सहमत, फक्त त्याच्याही आधीची एक पायरी तपासा. कागद-पेन्सिल न घेता तिला विचारा: 'मी तुटक बोलते, तू शब्द ओळख. घ... र.' 'क... मळ.' कानाने जुळत नसेल तर डोळ्यांनी जुळणार नाही. तसं असेल तर दोन-तीन आठवडे नुसते तोंडी खेळ घ्या. नावाला टाळ्या (स-मी-रा, तीन टाळ्या), 'क ने सुरू होणारी घरातली वस्तू सांग', 'पाटी मधला पा काढला तर काय उरलं?' असे. शेवटचा खेळ सगळ्यांत अवघड, तो घाईने घेऊ नका.

आणि टाळ्या अक्षरांइतक्या पडल्या नाहीत तर चूक म्हणू नका. 'कमळ' ला मुलं दोनच टाळ्या देतात, क-मळ. त्यांचा कान बरोबर आहे.

आकारउकार

कार्डांबद्दल थोडं, कारण बाजारातली बहुतेक कार्डं या कामाला येत नाहीत. त्यांवर अक्षर कोपऱ्यात आणि चित्र मोठं असतं, मूल चित्रच वाचतं. घरी करा. पोस्टकार्डाच्या निम्मा जाड कागद, काळा जाड मार्कर, अक्षर साधारण ५ सेंमी उंच. शिरोरेघ कार्डाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओढा आणि सगळ्या कार्डांवर एकाच उंचीवर ठेवा. कार्डं जुळवली की रेघ सलग होते आणि शब्द एक झाला हे मुलाला डोळ्यांनी दिसतं. कान्याचं कार्ड अरुंद, त्यावरही रेघ कडेपर्यंत. मात्रा आणि वेलांट्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या पट्टीवर काढा, म्हणजे कोणत्याही अक्षरावर ठेवता येतात.

अक्षरांच्या क्रमाबद्दल: 'ग म भ न' हा क्रम हाताच्या वळणासाठी छान आहे, पण वाचनासाठी म आणि भ एकाच आठवड्यात नकोत. तसंच घ-ध, ब-व, प-ष, थ-य, ट-ठ-ढ. एक पक्कं झाल्यावर मगच त्याचं जुळं काढा. ख मुलांना 'रव' सारखा दिसतो, तो उशिरा घ्या. तुमच्या मुलीला सगळी अक्षरं येत असली तरी शब्दांसाठी आधी सहाच काढा: म, न, ग, र, स, क. त्यांत काना मिळवला की मामा, काका, नाक, कान, मासा, राग, गार, सागर एवढं वाचून होतं. म्हणजे बाराखडीतलं एकच घर, पण ते सगळ्या ओळखीच्या अक्षरांवर. 'क का कि की' ही ओळ पाठ करून घेतलीत तर ती तालावर म्हणता येते, पण मधला 'कू' एकटा दाखवला की मूल पुन्हा 'क' पासून म्हणत येतं.

ॲपमध्ये ल आणि श पुष्कळदा हिंदी वळणाचे असतात, तेवढं बघून घ्या.

पाऊलवाट

तोंडी खेळ करून पाहिला, 'क... मळ' ओळखते. म्हणजे कान ठीक असावा. काना झाल्यावर पुढे काय? पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते, तिथे गोंधळ होईल असं वाटतं. आणि चित्रावरून अंदाज लावायची सवय कशी मोडायची?

आकारउकार

गोंधळ होतो, म्हणून दुसरी वेलांटी आधी. मराठीत शब्दाच्या शेवटी वेलांटी जवळजवळ नेहमी दीर्घच असते, त्यामुळे साधे शब्द भरपूर मिळतात: मामी, काकी, कमी, नदी, पाटी. 'आणि' अपवाद आहे, तो अख्खा शब्द म्हणून ओळखू द्या. मग एक मात्रा, काना-मात्रा, उकार. पहिली वेलांटी त्यानंतर. 'दिवा' तिच्यासमोर लिहा: आधी काळा द, मग त्याच्या मागे लाल वेलांटी, मग वा. ज्या क्रमाने लिहिलं त्याच क्रमाने आवाज, हे दिसलं की पुरतं. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक आत्ता समजावू नका, दोन्ही 'इ' च. रु आणि रू वेगळे दाखवावे लागतात, तिथे उकार पोटाशी येतो. जोडाक्षरं, रफार सगळ्यांत शेवटी.

च, ज, झ ला दोन उच्चार आहेत. 'चार' वाचणारं मूल 'चाक' ला तोच च लावतं. थांबवू नका, शब्द पूर्ण होऊ द्या, मग 'गाडीला काय असतं?' एवढंच विचारा.

शब्दवेल

चित्रांचं: गोष्ट वाचताना चित्रं हवीतच, ती काढून घेऊ नका. १० मिनिटांच्या सरावात मात्र चित्र कागदाने झाकून शब्द आधी वाचायचा आणि मग कागद उचलून पडताळायचं. आणखी एक उपाय म्हणजे सारखे दिसणारे शब्द शेजारी मांडणं: गार, गाव, गाल. पहिल्या अक्षरावरून ठोकून देता येत नाही, शेवटपर्यंत बघावंच लागतं.

लिहिण्याची घाई नको. बोटाने वाळूच्या ताटात किंवा ओल्या फडक्याने पाटीवर गिरवणं पुरे. अक्षर उलटं काढलं तर या वयात काळजीचं काही नाही. पण चार वर्षांच्या मुलाचं बोलणं बाहेरच्या माणसाला बरंचसं कळत नसेल, तर वाचनाआधी कान तपासून घ्यावा.

खडूफळा

इंग्रजीचं राहिलं. मराठीत अक्षराचं नाव आणि आवाज जवळपास एकच असतो. इंग्रजीत नाव 'एस' आणि आवाज 'स्'. शाळा सुरू झाली की घरी इंग्रजी अक्षरं नावाने नव्हे, आवाजाने म्हणा, म्हणजे बोट सरकवायची हीच पद्धत तिथेही चालते. पण दोन्ही लिपी एकाच बैठकीत घेऊ नका. आधी मराठीत कान्यापर्यंतचे शब्द न अडखळता वाचता येऊ देत.